बोर्डाला हात लावण्याआधी

आमच्या धंद्यात बिघाड शंभर, तक्रार मात्र एकच: "हँग होतोय." कोणी कॅबिनेट रिक्षात घालून आणतो, कोणी पिशवीतून लॅपटॉप काढतो, आणि तक्रारीच्या मागोमाग प्रश्न येतो, "यातच काही टाकून भागेल, की नवाच घेऊ?" विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा घरून ठरून आलेलं असतं. मुलाला नवा हवा असतो, वडिलांना जुनाच रेटायचा असतो, आणि दोघंही काउंटरशी उभे राहून माझ्याकडे पंच असल्यासारखे बघतात.

मी लगेच निकाल देत नाही. कॅबिनेटही उघडत नाही. मशीन लावतो, खुर्ची पुढे करतो आणि म्हणतो, "तुम्ही रोज जे करता ते करून दाखवा." यात एक गंमत असते. दुकानात बसवलं की माणूस काम करत नाही, डेस्कटॉपवर राइट-क्लिक करून चार-पाच वेळा रिफ्रेश मारतो. रिफ्रेशने संगणक ताजातवाना होतो, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की मी ती खोडून काढण्याचा नाद सोडला आहे. पण थोडा वेळ गेला की तो विसरतो आणि खरं काम सुरू होतं. टॅली उघडतो, बँकेचं पान उघडतो, मोठी एक्सेल फाइल उघडतो. त्याचा हात माउसवरून कधी उचलला जातो, तेवढंच मी मागे उभा राहून बघत असतो. माणूस जिथे वाट बघतो, तिथे पैसे घालायचे.

बाजूला टास्क मॅनेजर उघडा ठेवला की वाट कशाची चालली आहे तेही दिसतं. जुन्या मशीनवर बहुतेक वेळा डिस्कचा आकडा 100 टक्क्यांना चिकटलेला असतो आणि प्रोसेसर निवांत. लॅपटॉपमधली साधारण हार्ड डिस्क मिनिटाला 5,400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी वेळ. विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला शंभरही हाती लागत नाहीत, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. एसएसडीत फिरणारं, सरकणारं काही नसतंच. म्हणून प्रोसेसर तोच, रॅम तीच, फक्त डिस्क बदलली तरी माणूस दुसऱ्या दिवशी फोन करून विचारतो, "आत नक्की काय काय बदललंत?"

वाचून येणारे ग्राहक हुशार प्रश्न विचारतात. एच 61 चिपसेटचा बोर्ड आपल्याकडच्या असेंबल संगणकांत अमाप खपला. 2011 सालची ही चीज अजून कित्येक दवाखान्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत चालू आहे. तिच्यावर साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या पोर्टचा, जुना प्रकार आहे, त्याची मर्यादा सेकंदाला 300 एमबी, आणि आजची साटा एसएसडी 500 च्या पुढे धावते. "मग अर्धा वेग वायाच जाणार ना?" जाणार. तरी टाका. तुमचं अडत होतं ते माहिती शोधण्यावर, वाहून नेण्यावर नव्हे.

रॅमचं गणित याहून सोपं आणि जास्त फसवं आहे. चार जीबीवर आजचा ब्राउझर चालवणं म्हणजे छळ. आठ केली की मोकळं वाटतं, पण पत्रं टाइप करणाऱ्याला सोळाचा फरक कळत नाही. आणि विंडोज 32-बिटचं असेल तर चारपैकी साडेतीनच्या आसपासच वापरात येते, वर कितीही टाका. त्याला रॅम विकणं म्हणजे त्याचे पैसे घेऊन त्याला काहीच न देणं. काही जण ते करतात.

इतकी वर्षं मी सहज म्हणायचो, "रॅम टाकून बघू, स्वस्तच आहे." आता तसं म्हणता येत नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि 2025 च्या अखेरीस भाव उसळले. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. लॅमिंग्टन रोडवरून माल मागवताना आता सकाळचा भाव संध्याकाळी टिकेल का, हे आधी विचारावं लागतं. याचा एक उलटा परिणाम झाला. नवा डेस्कटॉप म्हणजे बहुधा डीडीआर5 रॅम, ती महाग, म्हणून अंगावरच्या जुन्या रॅमला किंमत आली. पूर्वी ज्या मशीनला मी "सोडा आता" म्हटलं असतं, त्यातली काही आज मी ठेवायला सांगतो.

तरी एक रेघ मी आखून ठेवली आहे, ती मदरबोर्डाची. डिस्क, रॅम, एसएमपीएस, पंखा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट, हे सगळं बदला, ती दुरुस्ती. बोर्ड बदलायची वेळ आली की साखळी सुटते. नव्या बोर्डाला जुना प्रोसेसर बसत नाही, नव्या प्रोसेसरला जुनी रॅम चालत नाही. डीडीआर3 आणि डीडीआर4 यांच्या खाचाच वेगळ्या जागी असतात. शेवटी मूळचं उरतं ते कॅबिनेट आणि त्यावरचा गणपतीचा स्टिकर. अशा वेळी सरळ नवा घ्यावा. लॅपटॉपला ही रेघ फार अलीकडे असते. कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली येते, म्हणजे वाढवायची की नाही हा निर्णय विकत घेतानाच होऊन गेलेला असतो, आणि दुकानात तो कोणी तुम्हाला सांगत नाही.

एवढं सगळं माझ्या आवाक्यातलं. आवाक्याबाहेरची गोष्ट म्हणजे तारीख. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. वैयक्तिक ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट नोंदणी करून आणखी एक वर्ष मिळतात, पण ती सवलत म्हणजे मुदतवाढच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हा सुरक्षेचा भाग लागतो आणि इंटेलचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासूनचे. त्यामुळे आय 7-7700 सारखा चार कोरचा दणकट प्रोसेसर यादीबाहेर, आणि त्यानंतर आलेला दोन कोरचा दुबळा सेलेरॉन एन 4000 यादीत. ज्याच्याकडे तो सेलेरॉनचा लॅपटॉप आहे, त्याला विंडोज 11 चालवताना विचारा. अट चुकवून विंडोज 11 बसवण्याच्या युक्त्या मला येतात. घरच्या वापराला कोणी हट्टच धरला तर बसवूनही देतो. जिथे रोज बँकेचे व्यवहार होतात तिथे देत नाही. पुढचा एखादा अपडेट अडला तर जबाबदारी कोणाची, हा वाद मला नको असतो. पत्रं, मेल, व्हिडिओ एवढंच असेल तर लिनक्स मिंट सुचवतो. युनिकोड मराठी त्यात छान चालते. पण नाव ऐकून माणसं अशी बघतात, जणू मी त्यांना गाव सोडायला सांगतोय.

नवा घेण्याची खरी किंमत कोटेशनमध्ये कधीच नसते, हे मला छापखान्यांनी शिकवलं. एका प्रेसचं मशीन अजून एक्सपीवर आहे, त्यात पेजमेकर 7. हे सॉफ्टवेअर 2001 चं, त्यानंतर त्याची आवृत्ती निघाली नाही. मराठी टायपिंगचं जुनं पॅकेज हार्डवेअर लॉकवर चालतं आणि ते लॉक जुन्या समांतर पोर्टला बसतं. नव्या बोर्डावर ते पोर्ट शोधून सापडत नाही. मालकांनी एकदा ठरवलं, आता बास, सगळं नवं. मी त्यांच्या ऑपरेटर ताईंजवळ बसलो. पेजमेकरच्या फाइली इनडिझाइनमध्ये उघडायच्या तर ती सोय सीएस 6 पर्यंतच होती. उघडल्या तरी जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, म्हणजे कन्व्हर्टर, आणि मग रफार भलत्याच अक्षरावर चढलेला, जोडाक्षरं फुटलेली. वर्षानुवर्षांच्या दिवाळी अंकांची, लग्नपत्रिकांची, पतसंस्थांच्या अहवालांची पानं पुन्हा वाचायची. "दादा, संगणकाचं बिल साहेब देतील," ताई म्हणाल्या, "वाचायचं मला आहे."

म्हणून दोन्ही केलं. नवा घेतला, मेल, इंटरनेट आणि नव्या कामांसाठी. जुन्याची नेटची वायर कायमची काढली. त्याला एसएसडी मुद्दाम दिली नाही. एसएसडीचा वेग टिकवणारी ट्रिम ही आज्ञा एक्सपीला कळत नाही, आणि तिथे कोणाचं वाट बघणं हा प्रश्नही नव्हता. हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन कपाटात ठेवली, एक जादा एसएमपीएस ठेवला, बोर्डावरचा सीआर 2032 सेल बदलला, कारण रोज सकाळी मशीन 2002 साल दाखवत होतं. मग मालकांनी हळूच विचारलं, "हा अजून किती वर्षं काढेल?" मी म्हटलं, ते बोर्ड ठरवेल, पण त्याआधी दर आठवड्याला जुनी पाच पानं तरी युनिकोडमध्ये आणून ठेवा. ताईंनी कॅलेंडरवर शनिवारावर गोल केला. नव्या मशीनवर सध्या मालक स्वतः जीएसटी भरतात, आणि मध्येच रिफ्रेश मारतात.