पासपोर्टातलं गाव

दुबईत आमच्या शेजारी एक स्विस जोडपं राहतं. ईदचा शीरखुर्मा घेऊन आम्ही गेलो, तर बाई खट्टू होऊन बसलेल्या. मायदेशातून मतपत्रिकेचा लखोटा आजच आला होता आणि मतदान केव्हाच उरकलं होतं! परदेशातल्या स्विस नागरिकांना १९९२ पासून टपालानं मत देता येतं. टपाल वेळेवर आलं तर. आम्ही गप्पच राहिलो. आम्हाला मत द्यायचं तर स्वतः गावच्या केंद्रावर हजर व्हावं लागतं. बारा वर्षांत एकदाच जमलं.

मग बाईंनी पासपोर्ट दाखवला. स्विस पासपोर्टात जन्मस्थळ नसतं, घराण्याचं मूळ गाव असतं. ते गाव त्यांच्या आजोबांनीच सोडलेलं. बाई तिथं जेमतेम दोनदा गेल्यात. तरी नाव कायम, मुलांच्याही पासपोर्टात.

आम्ही कोकणी मुसलमान, आमचं गाव तर आडनावातच आहे. पण धाकटीला कुणी गाव विचारलं, की ती आमच्या बिल्डिंगचं नाव सांगते.

त्या रात्री दापोलीला अम्मींना फोन लावला आणि धाकटीच्या हातात दिला.

"आंबे खायला कधी येतेस गं?" अम्मी विचारत होत्या.

तिनं आमच्याकडं पाहिलं. मे महिन्याची तिकिटं आम्ही अजून काढलेली नाहीत.