धायरी ते महाड : पाण्याचा गाडा आणि ओढणारी गाडी

सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे जाताना धायरी फाटा लागतो. फाट्यावरून आत वळले की पूर्वी मळे दिसत. आज रायकर मळा, बेनकर वस्ती ही नावे उरली आहेत, मळ्यांच्या जागी इमारती आल्या. अधूनमधून पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या उडताना दिसतात. 2017 साली धायरी पुणे महानगरपालिकेत आली. अशा या गावातून आम्ही दरवर्षी 20 मार्चला महाडला जातो. चवदार तळ्याला अभिवादन करतो आणि तेथे येणाऱ्या बांधवांना पिण्याचे पाणी देतो.

पाणीच का, असे कोणी विचारील. 1927 सालच्या मार्च महिन्यात महाडला जी परिषद भरली, तिच्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. गावात तळे भरलेले, कायदे मंडळात बोले यांचा ठराव 1923 सालीच मंजूर झालेला, आणि तरीही आपल्या माणसांना पाणी पैसे मोजून घ्यावे लागले. 20 मार्चला परमपूज्य बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर परिषदेच्या मंडपात जेवणाऱ्यांवर हल्ला झाला, शिजवलेले अन्न मातीत मिसळले गेले. म्हणून महाडच्या वाटेवर आपले पाणी आणि आपली शिदोरी घेऊन जाणे ही आमच्या मंडळाला केवळ सोयीची गोष्ट वाटत नाही.

आतापर्यंत हे सर्व सामान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जात असे. मंडळातील एका वडीलधाऱ्या काकांचा ट्रॅक्टर. डिझेलखेरीज एक पैसा घेत नसत. पाण्याचे पिंप, पातेली, ताडपत्री आणि त्यांच्यावर बसलेली वीस-पंचवीस माणसे, असा तो थाट होता. मागे एका कार्यक्रमाहून परतताना रस्त्यातील खड्ड्यात ट्रॉली आदळली आणि कडेला बसलेली एक मुलगी खाली पडली. पाय मोडला. जीव वाचला एवढेच.

गेल्या वर्षी तयारीची बैठक भरली तेव्हा त्या मुलीची आई उठून उभी राहिली. ती म्हणाली, "काका, तुमचा उपकार मोठा आहे. पण माझी लेकरं मी आता ट्रॉलीत बसवणार नाही. आणि दुसऱ्यांचीही बसू देणार नाही."

बैठकीत शांतता पसरली. काकांना राग आला. "इतकी वर्षं गेलो, तेव्हा कुणी बोललं नाही," असे म्हणून ते निघून गेले. महिला मंडळ मात्र ताईच्या पाठीशी उभे राहिले. मग ठरले की माणसे जीपने व एस.टी.ने जातील आणि सामानासाठी दोन चाकांचा छोटा ट्रेलर घ्यायचा. तंबू, ताडपत्री, भांडी आणि तीनशे लिटरची पाण्याची टाकी त्यात मावली पाहिजे. नोंदणीची कागदपत्रे असलेला जुना ट्रेलर मिळाला. येथे वाचकांना एक गोष्ट सांगून ठेवतो. ट्रेलर हे कायद्याने वेगळे वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी होते. कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये परस्पर जोडून घेण्याआधी आरटीओत जाऊन चौकशी करावी.

आता प्रश्न आला, ओढायचे कशाने?

एका तरुणाने आपली छोटी मोटार देऊ केली. "इंजिन दमदार आहे, सहज ओढेल," असे त्याचे म्हणणे. आम्ही कागद घेऊन बसलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकीचे तीनशे, रिकाम्या ट्रेलरचे दोनशे वीस, बाकी सामानाचे एकशे तीस, एकूण साडेसहाशे किलो. खात्री करावी म्हणून भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेला, तर काट्याने सातशे दहा दाखवले. भांड्यांचे आणि तांदळाच्या पोत्याचे वजन आम्ही कमी धरले होते. जन्मभर हिशेब लिहिणाऱ्या माणसाला साठ किलोची चूक ही शरमेची गोष्ट. पण ती काट्यावर कळली, घाटात नाही, हे बरे झाले.

रविवारी पहाटे रस्ता मोकळा असताना डीएसके विश्वकडे जाणाऱ्या चढावर चाचणी घेतली. छोट्या मोटारीने ट्रेलर खरोखर सहज वर ओढला. तरुण खूश. मग त्याच उतारावरून अगदी हळू खाली आलो, तेव्हा खरा प्रकार समजला. ब्रेक दाबला की मागचा ट्रेलर मोटारीला पुढे ढकलू लागे. मोटारीचे वजन साडेआठशे किलो, मागे सातशे दहा, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. म्हणजे एका गाडीच्या ब्रेकने जवळजवळ दोन गाड्या थांबवायच्या. वेग दुप्पट झाला तर थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे शाळेतील गणित त्या दिवशी अंगावर काटा आणून गेले.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की प्रश्नच आम्ही चुकीचा विचारत होतो. कोणती गाडी ओढील हे विचारण्यापेक्षा कोणती गाडी थांबवील हे विचारले पाहिजे. ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे भरलेले वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याहून जास्त नसावे, हा जाणत्यांचा ढोबळ नियम आहे. शिवाय गाडीच्या माहितीपुस्तिकेत कंपनीने ओढण्याची मर्यादा दिलेली असते, ती ओलांडू नये. काही छोट्या मोटारींना तर ट्रेलर लावूच नका, असे कंपनीच सांगते.

ट्रॅक्टर वजनाने भारी, हे खरे. पण त्याच्या वेगाने महाडला पोहोचायला पाच-सहा तास लागणार, रात्री मागच्या दिव्यांचा पत्ता नाही, आणि मोकळी ट्रॉली दिसली की माणसे चढणारच. शेवटी सोळाशे किलो वजनाची, सात माणसांची एक जीप ठरली. तिच्या चासीला टोबार पक्का बसवलेला होता. नुसत्या बंपरला जोडलेला हूक किंवा दोरीचे टोचन आम्ही मान्य केले नाही.

रस्त्याचाही विचार केला. भोरहून वरंधा घाटाने महाड गाठता येते, पण तो घाट अरुंद आणि वळणांचा. शिवाय येताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांबलचक उतार उतरावा लागतो. 20 नोव्हेंबर 2022 रोजी त्याच उतारावर एका मालट्रकने चाळीसहून अधिक वाहनांना ठोकरले होते. धायरीकरांना तो उतार चांगला ठाऊक आहे. म्हणून आम्ही वडगाव पुलावरून वारजे, चांदणी चौक, पौड, मुळशी आणि ताम्हिणी घाट असा सुमारे 130 किलोमीटरचा मार्ग धरला.

19 मार्चला पहाटे त्रिसरण-पंचशील घेऊन निघायचे ठरले होते. निघताना पाहतो तर काका पिशवी घेऊन जीपपाशी उभे. कोणी काही बोलले नाही. ताईनेच दार उघडून त्यांना पुढच्या सीटवर बसवले.

मुळशीचे पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसत-लपत होते. पावसाळ्यात धबधब्यांनी गाजणारा ताम्हिणी मार्चमध्ये कोरडा, तांबूस असतो. घाट सुरू होण्यापूर्वी गाडी थांबवून आम्ही पिन, साखळ्या, चाके पाहून घेतली. उतारावर चालकाने गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली, म्हणजे इंजिनच वेग आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. एका वळणावर समोरून एस.टी. आली. जीप जागच्या जागी थांबली, ट्रेलर मागे सरळ उभा राहिला. काका वळून ट्रेलरकडे बघत राहिले.

विळे, निजामपूर करीत माणगावला आलो. हे रायगड जिल्ह्यातील माणगाव. 1920 सालची परिषद झाली ते माणगाव कोल्हापूरकडचे, हे मुलांना आवर्जून सांगितले. पुढे दासगाव लागते. डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेब सत्याग्रहींसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने आले, आणि सत्याग्रही दासगावहून महाडला पायी गेले. गाडीत बसून आम्ही वाहनांची चर्चा करीत होतो आणि ती माणसे चालत गेली होती! महाडच्या अलीकडे गांधारपाले येथील बुद्धलेणी महामार्गावरूनच दिसतात. तेथे वंदना करून पुढे निघालो. एका बांधवाच्या आवारात तंबू ठोकून मुक्काम केला.

20 तारखेला कोकणातल्या उन्हात टाकीची तोटी क्षणभरही बंद नव्हती. म्हातारी माणसे, कडेवर लेकरे घेतलेल्या माता येत होत्या, ओंजळ धरीत होत्या. पेले भरून देणाऱ्यांत ती मुलगीही होती. तिचा पाय आता बरा आहे. दुपारनंतर काका म्हणाले, "पुढच्या वर्षी ट्रॅक्टर शेतातच राहू दे."

2027 हे सत्याग्रहाचे शताब्दी वर्ष. गावोगावचे बांधव अशीच तयारी करतील, म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी लिहितो. भरलेला ट्रेलर काट्यावर तोलून घ्या. जड सामान खाली आणि चाकांच्या किंचित पुढे ठेवा. ट्रेलरच्या नाकावर एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी आला पाहिजे, आमच्या बाबतीत सुमारे सत्तर किलो. मागे वजन जास्त झाले तर ट्रेलर शेपटीसारखा हलतो. तसा हलू लागला तर जोराचा ब्रेक न मारता ॲक्सिलरेटर सोडून वेग कमी करा. टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी ठेवा. अर्धी टाकी वळणावर हिंदकळते आणि गाडीला ओढते. हुकाखाली दोन साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या बांधा. मागचे दिवे, रेडियम आणि चाकांतील हवा तपासा. आणि ट्रेलरमध्ये माणूस बसवू नका, दहा पावलांसाठीसुद्धा नाही.

धम्मपदात अप्पमादवग्ग नावाचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. अप्पमाद म्हणजे बेफिकिरी टाकून सावध राहणे. आपण तो विहारात ऐकतो, तो रस्त्यावरही पाळला पाहिजे. ज्या तळ्यासाठी आपल्या पूर्वजांनी रक्त सांडले, त्या वाटेवर आपल्या निष्काळजीपणाने कोणाचे रक्त सांडू नये, एवढीच विनंती.

जय भीम!