सहा फुटांचे अंतर

माणसामाणसांत सहा फूट अंतर ठेवावे, असा फलक आमच्या गावात लागला, तेव्हा गावकऱ्यांना तो अपमानच वाटला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वाडीत दोन घरांच्या मध्ये एक आंब्याचा बाग, एक व्हाळ आणि तीन पिढ्यांची भाऊबंदकी असते. सहा फुटांवर यायचे तर माणसांना कोर्टातच जावे लागते.

मी मूळचा देशावरचा. बदलीने इथे आलेला बँकेतला कारकून. बँक ही अत्यावश्यक सेवा आहे, हे मला 25 मार्च 2020 रोजी कळले. त्याआधी बावीस वर्षे असे माझ्या घरातसुद्धा कोणी मानले नव्हते. देश बंद झाला आणि मी डबा घेऊन कामावर निघालो.

शाखेसमोर आम्ही फक्कीने वर्तुळे आखली. पहिल्या दिवशी त्यांत माणसे उभी राहिली. दुसऱ्या दिवशी चपला, छत्र्या, पिशव्या आणि एक शहाळे उभे राहिले. त्यांचे मालक पिंपळाखाली खांद्याला खांदा लावून करोनाची चर्चा करत बसले. चपलांनी मात्र अंतर शेवटपर्यंत काटेकोर पाळले.

एप्रिलपासून तीन महिने महिलांच्या जनधन खात्यात दरमहा पाचशे रुपये येणार होते. गर्दी नको म्हणून दिवस वाटून दिले होते. खात्याचा शेवटचा आकडा 0 किंवा 1 असेल तर 3 एप्रिल, 2 किंवा 3 असेल तर 4 एप्रिल, असे करत 8 आणि 9 वाल्यांना 9 एप्रिल. मी कॉमर्सचा पदवीधर. ते कोष्टक पाहून मला भरून आले. पण त्याच सुमारास, पैसे काढले नाहीत तर सरकार परत घेणार, अशी आवई उठली. सरकारने खुलासा केला. पण खुलाशाला जावक क्रमांक लागतो, आवईला लागत नाही.

शेवटचा आकडा 8 असलेली एक आजी 3 तारखेलाच हजर.

"आजी, तुमचा दिवस नऊ तारखेला."

"नऊ तारखेपर्यंत मी ऱ्हवतलंय काय, ता तुझ्या पुस्तकात लिवलला आसा?"

तशी नोंद आमच्याकडे नसते. मॅनेजरसाहेब खिडकीबाहेरचा माड निरखू लागले आणि मी पैसे दिले. आजीने नोट बाहेरच्या कट्ट्यावर उन्हात वाळत घातली आणि वर दगड ठेवून, माशासारखी राखण करत बसली.

मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येऊ लागले. गणपतीत ज्यांच्यासाठी गाव एस.टी.कडे डोळे लावून बसतो, तेच हे. ज्या शाळेचे छप्पर त्यांच्या वर्गणीतून झाले होते, त्याच शाळेत त्यांना चौदा दिवस ठेवले. गावाला भीती होती आणि ती खोटी नव्हती. तरी शेजारणींनी आजीला विहिरीवर यायची बंदी केली, ते मला आजही पटत नाही. तिचा मुलगा तिसरीच्या वर्गात होता. वय पन्नास.

शाळा शाखेच्या समोरच. आजी रोज गडग्यावर डबा ठेवायची, रस्त्याच्या अलीकडे येऊन बसायची आणि तो जेवेपर्यंत उठायची नाही. भात टाकला तर इथूनच शिव्या.

दुसरा हप्ता आला तेव्हा तिने स्लिपवर अंगठा दिला आणि नोट माझ्याकडेच सरकवली. "ह्ये झिलाक दी. तेचो पगार थांबलो आसा. माज्या हातसून तो घेवचो नाय."

इतकी वर्षे पैसा मुंबईहून गावाकडे येत होता. उलट दिशेची ही नोंद मी प्रथमच पाहत होतो. जेवणाच्या सुट्टीत पाकीट गडग्यावर ठेवून आलो.

खातेदाराचा व्यवहार गुप्त ठेवायचा, हा आमचा धर्म. पण रस्त्याच्या अलीकडून आजी ओरडली, "मोजलंस काय रे?"

एकच नोट होती. त्याने ती मोजली.