विद्यापीठाचं पासबुक

आपल्याकडे पहिला नंबर कुणाचा हे कळल्याशिवाय कुणाच्याच जिवाला स्वस्थता नसते. वर्गात पहिला कोण, वाड्यात पहिला फ्रिज कुणाचा, इतकंच काय, पहिल्या पंगतीत जेवून उठलेला माणूस ताटकळलेल्या दुसऱ्या पंगतीकडे अशा नजरेने बघतो, की जणू बुंदीचा लाडू त्याने गुणवत्तेवर मिळवला आहे! मग विद्यापीठांनीच काय घोडं मारलंय? त्यांचेही नंबर लागतात.

आणि हे नंबर हल्ली थेट आमच्या टेबलावर येऊन पडतात. आमचं टेबल म्हणजे बँकेतलं शैक्षणिक कर्जाचं. मी बी. कॉम. यंत्र म्हणजे माझ्या लेखी नोटा मोजायचं आणि विमान म्हणजे डोक्यावरून जातं ते. पण २०२४च्या नोव्हेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली, आणि राष्ट्रीय क्रमवारीतल्या निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण-जामिनाशिवाय कर्जाची सोय झाली. म्हणजे नंबर हेच तारण! परदेशी निघालेल्यांना मात्र ही योजना नाही. मोठी रक्कम हवी तर घराचे कागद आणायचे.

असेच एक गृहस्थ घराचे कागद आणि मुलगी घेऊन आले. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर. पुढे एरोस्पेसमध्ये शिकायला परदेशी निघालेली. प्रवेश दोन ठिकाणी मिळालेला.

"साहेब, एक बेचाळिसावं, एक अठ्ठावन्नावं. सोळा नंबरांचा फरक! तुम्ही काय म्हणता?"

कर्ज मंजूर होईपर्यंत गिऱ्हाईक कारकुनाला सर्वज्ञ समजतं. अशा वेळी मी चष्मा पुसतो. "नंबर कशावर लावलाय?"

"रिसर्च इम्पॅक्टवर," मुलगी म्हणाली. "आणि काका, यादी काही एकच नसते. २०२२ साली शांघायच्या यादीत एरोस्पेसमध्ये पहिलं होतं बीजिंगचं बैहांग विद्यापीठ. लंडनच्या क्यूएसच्या यादीत मेकॅनिकल आणि एरोनॉटिकल एकाच कप्प्यात. तिथे पहिलं अमेरिकेतलं एमआयटी."

"दोघंही पहिले?"

"शांघायवाले मुख्यतः छापलेले लेख आणि त्यांचे उल्लेख मोजतात. क्यूएसवाले त्याशिवाय प्राध्यापकांना आणि कंपन्यांनाही विचारतात."

म्हणजे एकाने स्थळाचं पगारपत्रक पाहिलं, दुसऱ्याने शेजारीपाजारी चौकशीही केली!

मग तिने मला एच-इंडेक्स शिकवला. हॉर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढलेलं हे माप. ज्याच्या २० लेखांचा इतरांनी प्रत्येकी निदान २० वेळा उल्लेख केला, त्याचा एच-इंडेक्स २०. हिशोब मला पटला. पण लगेच प्रश्न पडला, एकच लेख लिहिला आणि जगाने तो हजार वेळा वाखाणला तर?

"तर एक," ती म्हणाली. "प्रांटलने १९०४ साली हायडेलबर्गला आठ पानी निबंध वाचला. पंखाला चिकटून सरकणाऱ्या हवेच्या पातळ थराबद्दल. विमानविद्येचा पायाच तो. पण त्याने तेवढंच लिहिलं असतं, तर त्याचा एच-इंडेक्स एक."

गृहस्थांनी घराच्या कागदांवरची पकड जरा घट्ट केली.

"आणि हे उल्लेख एकमेकांत ठरवून केले तर?" मी विचारलं. कॉमर्सवाल्याला अकोमोडेशन बिल कुणी शिकवायला नको. मालाची देवघेव शून्य, तू माझ्या हुंडीवर सही कर, मी तुझ्या करतो.

"तसंही करतात. पकडलेही जातात."

मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. ठेवींचं उद्दिष्ट आलं की एकतीस मार्चला शाखेत व्यापाऱ्यांचा पैसा पाहुण्यासारखा येतो आणि एप्रिलच्या दोन तारखेला परत जातो, हे कुठल्याही कारकुनाला ठाऊक आहे. हेच गाऱ्हाणं १९७५ साली चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने मांडलं, आणि तोही होता बँक ऑफ इंग्लंडमध्ये! त्याच्या म्हणण्याचा आमच्या भाषेत अर्थ एवढाच, की मोजायची काठी हाकायला वापरली की ती मोजायच्या कामाची राहत नाही.

शिवाय या विद्येतलं कितीतरी काम छापलंच जात नाही. लढाऊ विमानाच्या इंजिनाची पाती कशी ओतली, हे कोण मासिकात देईल?

गृहस्थ मात्र अजून सोळा नंबरांतच अडकले होते. म्हणून मी त्यांना सोमनाथ यांची गोष्ट सांगितली. २०२३ साली चांद्रयान-३ उतरलं तेव्हा इस्रोचे अध्यक्ष होते ते. मेकॅनिकल केलं कोल्लमच्या टीकेएम कॉलेजात, मग एरोस्पेस केलं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. "चंद्राने काही कोल्लमचा नंबर विचारला नाही हो!"

"मग हिने जायचं कुठे?"

उत्तर मुलीनेच दिलं. "बाबा, अठ्ठावन्नाव्यात. मला जे शिकायचंय ते शिकवणारे प्राध्यापक तिथेच आहेत. मी त्यांना पत्र लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आलं. तिथल्या विंड टनेलवर विद्यार्थ्यांना हात चालवू देतात. आणि खर्च कमी." राइट बंधूंनी तर कॉलेजचं तोंड न बघता १९०१ साली आपला विंड टनेल आपल्या सायकलच्या दुकानातच बनवला होता, हेही तिने वर ऐकवलं. मी घाबरून म्हटलं, "अगं, त्याला आमच्याकडे कर्ज नाही मिळत."

विद्यापीठाचा नंबर म्हणजे पासबुकातली शेवटची ओळ. शिल्लक किती ते कळतं. पैसा कुठून आला, कुणाचा आहे आणि आपल्याला त्यातलं काय मिळणार, हे वरच्या नोंदी वाचल्याशिवाय कळत नाही. ती वाचायला त्या पोरीने वेळ काढला, म्हणून बापाचं घर कमी रकमेत गहाण पडलं.

गृहस्थ समाधानाने सह्या करून उठले. जाताना मात्र हळूच वाकून विचारलंच, "साहेब, व्याजदरात तुमच्या बँकेचा नंबर कितवा?"