मावशीच्या शोधात, भाच्याच्या मुलखात

मैत्रिणींनो, प्रवासाला निघणाऱ्या बायकांच्या मला तरी तीन जाती दिसतात. देवळं बघणाऱ्या, साड्या बघणाऱ्या आणि मांजरं बघणाऱ्या. पहिल्या दोन जातींना घरात मान असतो. तिसरीला 'वेड लागलंय' असं म्हणतात. मी या तिसऱ्या जातीची! कुठल्याही गावी एस.टी.तून उतरले, की माझी नजर आधी बाकाखाली जाते. तिथे एखादं मांजर पाय दुमडून निवांत बसलेलं असलं, तर खुशाल समजावं की या गावात बाईमाणसालाही घटकाभर टेकायला जागा मिळेल. जिथे मांजर भिंतीच्या कडेकडेनं पळतं, तिथे प्यायला पाणी मागतानासुद्धा दोनदा विचार करावा.

तर गेल्या हिवाळ्यात मी मुलचेऱ्याला जाऊन आले. माझी भाची तिथे शाळेत शिकवते. तिनं बरेच दिवस लकडा लावला होता, "मावशी, एकदा तरी ये." आमच्या 'ह्यां'ना सांगितलं, तर म्हणाले, "तिकडे वाघ आहेत." मी म्हटलं, "असू देत. मांजर म्हणजे वाघाची मावशी, आणि मीही कुणाची तरी मावशीच. भाच्यांच्या गावाला जायला भ्यायचं कशाला?"

वाटेत चंद्रपूरला एक दिवस मुक्काम केला. हे गोंड राजांचं शहर. जुन्या शहराभोवती तट आहे आणि त्याला चार मोठी दारं: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. शहराच्या जन्माची दंतकथा तर फारच गमतीची. राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला गेला असता त्याच्या कुत्र्याच्या मागे चक्क एक ससा लागला म्हणे! राजानं घरी येऊन राणीला हे सांगितलं. राणी शहाणी. ती म्हणाली, ज्या भूमीत सशाला एवढं बळ येतं, तिथेच शहर वसवा. बायकोचं ऐकल्यानं केवढं काम होतं, हे घरी वाचून दाखवायला हरकत नाही. पुढे राणी हिराईनं इथे महाकालीचं देऊळ आणि नवऱ्याची, वीरशहाची, देखणी समाधी बांधली. कथेत कुत्रा आला, ससा आला, मांजराला मात्र कुणी विचारलं नाही. त्याची भरपाई हल्ली वाघ करतात. शहराच्या कडेला असलेल्या वीज केंद्राच्या आवारातसुद्धा वाघ-बिबटे फिरताना दिसतात.

चंद्रपूरहून गोंडपिपरीमार्गे निघालं, की वैनगंगेचा पूल लागतो आणि पलीकडे आष्टी. इथून गडचिरोली जिल्हा सुरू. पूर्वी हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. जवळच चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना भेटतात आणि प्राणहिता होऊन पुढे जातात. दोघी बहिणींनी लग्नानंतर नाव बदलावं, तसंच की हे! तिथलं जंगल १९८६ पासून अभयारण्य आहे. आपली मनी अंगावर पाण्याचा थेंब पडला तरी रागावते, पण वाघ मात्र पट्टीचा पोहणारा. एवढी मोठी नदी तो सहज ओलांडतो. मावशी आणि भाच्याचं एवढ्या एका गोष्टीत काही जमत नाही.

मुलचेरा हे तालुक्याचं गाव असलं, तरी ऐसपैस. चार दुकानं, कचेऱ्या, शाळा, भाताची खाचरं आणि नजर संपते तिथे सागाचं जंगल. पण इथे पाऊल ठेवताच आपण विदर्भात आहोत की बंगालात, असा प्रश्न पडतो. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून परागंदा झालेल्या कितीतरी बंगाली कुटुंबांना साठ-सत्तरच्या दशकांत या भागात वसवलं गेलं. त्यांच्या वस्त्यांची नावंच ऐका: विवेकानंदपूर, सुंदरनगर, गांधीनगर. घरापुढे तळं, तळ्यात मासे, अंगणात तुळस आणि ओसरीवर मांजर. माशांचं कालवण शिजणाऱ्या घरी मांजराला आमंत्रण लागत नाही, हे मी तुम्हांला सांगायला नको.

भाचीच्या शेजारी एक बंगाली काकीमा राहतात. त्या विळीवर मासे चिरत होत्या आणि समोर एक काळी मांजरी पुतळ्यासारखी बसली होती. ना म्यांव, ना झडप! मी म्हटलं, "हिला शिस्त कुणी लावली?" काकीमा हसून म्हणाल्या, "ती मा षष्ठीची गाडी आहे, दीदी. तिला तिचा वाटा मिळतो. चोरी कशाला करील?"

षष्ठी म्हणजे लेकराबाळांची रक्षण करणारी देवी, आणि बंगालात तिचं वाहन मांजर. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत कोरा कागद आणि लेखणी ठेवून जिची पूजा करतात ती सटवाई हीच. नावसुद्धा षष्ठीवरूनच आलेलं. काकीमांनी मला तिची कहाणी सांगितली. एका घरची धाकटी सून खादाड होती. दूध, मासे गुपचूप फस्त करायची आणि आळ घालायची काळ्या मांजरावर. मांजर बिचारं मार खायचं. शेवटी त्यानं देवीकडे गाऱ्हाणं नेलं. मग त्या सुनेला मूल झालं की रात्रीत नाहीसं व्हायचं. मांजर ते उचलून देवीकडे नेऊन ठेवायचं. सुनेनं मांजराची क्षमा मागितली, त्याची पूजा केली, तेव्हा लेकरं परत मिळाली. आता खरं सांगा, दुधाचं पातेलं रिकामं दिसलं की आपणही आधी कुणाचं नाव घेतो?

ज्येष्ठातल्या षष्ठीला काकीमांकडे जावयाला बोलावून पंगत वाढतात. आपल्याकडे जावयाचे लाड अधिक महिन्यात, म्हणजे साधारण तीन वर्षांतून एकदा. तिकडे दर वर्षी! जावई मंडळींना हे कळू न दिलेलं बरं.

गाव सोडून जंगलाच्या कडेला गेलं, की मात्र मावशीचं राज्य संपून भाच्याचं सुरू होतं. या भागात वाटेवर वाघोबाची ठाणी असतात. दगडावर कोरलेला वाघ आणि त्याला शेंदूर. तिथे एक गोंड आजी भेटल्या. मी मांजरं बघत हिंडते, हे ऐकून त्यांना हसूच आवरेना. "मांजर पाहाले एवढ्या दूर आल्या वो बाई?" मग हसू थांबवून म्हणाल्या, "आमी तं वाघ नको दिसू दे म्हणून हात जोडतो. पण मोहा तं वेचाच लागते ना."

त्यांचं हे बोलणं माझ्या मनातून जात नाही. ताडोब्याला वाघ दिसला नाही, म्हणून हिरमुसून परत येणारी मंडळी आपल्या ओळखीत कितीतरी असतील. इथल्या बायकांना वाघ न दिसलेला दिवस हाच चांगला दिवस. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदूपानं, हिवाळ्यात कापूस. सगळी कामं वाकून करायची, आणि वाकलेलं माणूस वाघाला सावजासारखं वाटतं. जानेवारी २०२४ मध्ये याच तालुक्यात शेतात कापूस वेचणाऱ्या बाईचा वाघाच्या हल्ल्यात जीव गेला. तरी आजी वाघाला शिव्या देत नव्हत्या. "त्याचंबी घर हायेच," एवढंच म्हणाल्या. आता त्या पाच जणी मिळून जातात. चौघी वेचतात, एक उभी राहून बघते आणि मोठ्यानं बोलत राहते. वाघावर प्रेम करावं, जरूर करावं. पण त्याच्या शेजारी राहण्याची किंमत कोण मोजतं, तेही लक्षात असू द्यावं.

तिकडे जाणार असाल, तर दोन-चार गोष्टी सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. उन्हाळा सोसवत नाही. शेतात किंवा झुडपात मांजराची पिल्लं दिसली, तर 'गोड आहेत' म्हणून उचलू नका. ती रानमांजराची किंवा वाघाटीची असू शकतात. वाघाटी ही जगातली सगळ्यांत लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढली तरी जेमतेम दीड किलोची. त्यांची आई बहुधा जवळपासच असते, आणि रानमांजर घरी पाळणं कायद्यानं गुन्हा आहे. अनोळखी मांजरानं ओरखडलं किंवा चावलं, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. हळद भरून बसू नका.

आणि घरच्या मनीचं काय? तिला दुसऱ्या घरी नेऊन ठेवू नका. मांजराचा जीव जागेत असतो. शेजारणीला किल्ली द्या, दोन वेळचं खाणं आणि ताजं पाणी सांगून ठेवा. दूध मात्र नको. पुष्कळशा मोठ्या मांजरांना ते पचत नाही, पोट बिघडतं. तिच्या नेहमीच्या जागी तुमचं वापरलेलं जुनं लुगडं किंवा ओढणी ठेवा, म्हणजे वासानं ती शांत राहते.

घरातल्या बाकीच्या मंडळींसाठी डाळ-तांदळाचे डबे कुठे आहेत, ते एका कागदावर लिहून ठेवलं की पुरे. आठ दिवसांनी मी परतले, तेव्हा मनी होती तशीच गुबगुबीत होती. आमचे 'हे' मात्र किंचित वाळले होते, पण वरण-भाताचा कुकर लावायला शिकले होते!