दुसरा दांडा

एकाच शोरूममध्ये दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. दोन्ही मारुतीच्या, दोन्ही पेट्रोलवरच्या, दोन्हींची लांबी चार मीटरच्या आत. जानेवारी २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत दोघींवरचा पडदाही एकाच दिवशी उठला होता. कंपनीच्या कागदावर फ्राँक्सचं अ‍ॅव्हरेज लिटरला २१.७९ किलोमीटर, जिम्नीचं १६.९४. आमच्या ह्यांनी फ्राँक्सचं दार उघडलं, मिटलं आणि मनातल्या मनात हिशेब मांडायला घेतला. मी जिम्नीत चढले. चढलेच म्हणायचं, कारण नुसतं जाऊन बसावं इतकी ती बुटकी नाही. आत गिअरच्या दांड्याजवळ आणखी एक छोटा दांडा होता. २एच, ४एच, ४एल.

"मॅडम, ते ऑफ-रोडिंगसाठी असतं. तुम्हाला कधी लागणार नाही," सेल्समन म्हणाला.

तेवढ्यानंच मला ती गाडी हवीशी वाटायला लागली.

त्या दांड्याची आणि माझी ओळख जुनी आहे. वडील पाटण तालुक्यात सरकारी ओव्हरसिअर होते आणि खात्यानं त्यांना जीप दिली होती. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही. कॅनव्हासचा टप, खाली-वर करता येणाऱ्या काचेऐवजी बटणं लावायचे पडदे. ड्रायव्हरमामांच्या डाव्या हाताशी एक सोडून तीन दांडे होते. मोठा गिअरचा. बाकीच्या दोन छोट्यांपैकी एकानं पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ मिळायची आणि दुसऱ्यानं सगळ्याच चाकांचा वेग निम्म्यावर येऊन जोर दुप्पट व्हायचा. मामा त्याला 'लो' म्हणत. लो लावली की इंजिन मोठमोठ्यानं ओरडायचं आणि जीप माणसाच्या चालीनं वर सरकायची. आवाज आणि वेग यांचा मेळ लागायचा नाही, म्हणून लहानपणी मला वाटायचं की जीप चिडली आहे.

घरच्यांनी सरकारी जीपमध्ये बसायचं नाही हा वडिलांचा नियम होता. गावच्यांना मात्र तो लागू नव्हता. अडलेली बाळंतीण, साप चावलेला गडी, कराडला न्यायचं तापलेलं पोर, सगळे त्याच जीपमधून गेले. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको, जून ते सप्टेंबर वाड्या-वस्त्यांकडं जाणारा रस्ता नावालाच उरायचा. लाल चिकण माती चाकाला धरायची, आणि चढाला जीप आडवी व्हायला लागली की मामा तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेऊन छोट्या दांड्याकडं हात न्यायचे.

याचा हिशेब लॉगबुकात मात्र नीट बसत नसे. चिखलात लो लावून गाडी पेट्रोल पिते आणि किलोमीटरचा आकडा जागचा हलत नाही. कागदावर पाहणाऱ्याला पेट्रोल संपलेलं दिसतं, प्रवास दिसत नाही. मग वरून विचारणा यायची की पावसाळ्यातच गाडीची सरासरी का घसरते. वडील दरवर्षी तोच खुलासा लिहीत: रस्ता नव्हता.

मामांचा एक शिरस्ता होता. डांबर लागलं की आधी पुढची चाकं सोडायची, मग पुढं बोलायचं. कारण मला कितीतरी वर्षांनी कळलं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. दोन्ही जोड्या एकमेकींशी घट्ट जखडलेल्या असल्या की हा फरक कुठंतरी निघावा लागतो. चिखलात चाक थोडं घसरून तो काढून टाकतं. डांबर घसरू देत नाही, मग ताण गिअरवर येतो, स्टिअरिंग जड होतं, टायर झिजतात. आजच्या जिम्नीलाही हेच लागू आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो दांडा ओढायचाच नसतो, म्हणजे पुण्यात मी रोज ज्या रस्त्यांवर असते तिथं तो असून नसल्यासारखा.

कॉलेजला कराडला जायला लागले ते वडापनं. ट्रॅक्स, कमांडर, जे मिळेल ते. बहुतेकांना ओढ फक्त मागच्या चाकांची, तरी त्या जिथं जायच्या तिथं आज चारही चाकांवर लाखो रुपये खर्च करणारे जायला कचरतील. चढ आला की ड्रायव्हर फर्मान काढायचा: पुढचे उतरा, मागचे बसून राहा. मागच्या चाकांवर वजन हवं, ही भौतिकशास्त्राची गोष्ट त्याला शाळेत कुणी शिकवली नव्हती. पुढची माणसं चिखलातून चालत वर जायची, मागचे त्यांना हात दाखवून चिडवायचे.

लग्नानंतर पुणं, मारुती ८००, मग एक छोटी हॅचबॅक. तेवढ्यात गावाकडं सगळं बदललं. पाटणच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या. त्यांची लांबलचक पाती वर न्यायची म्हणून डोंगर कापून रुंद वळणांचे रस्ते झाले. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि हळूहळू एकेका वाडीपर्यंत डांबर पोचलं. मामा जिथं लो लावत, तिथून आता दुधाच्या गाड्या तिसऱ्या गिअरमध्ये वर जातात. आणि नेमकं हे सगळं झाल्यावर चारही चाकांना ओढ असलेल्या गाड्यांची हौस बहरली, याचं मला राहून राहून नवल वाटतं. रस्ता नव्हता तेव्हा तालुक्यात अशा जीपा मोजक्याच होत्या, त्याही बहुतेक सरकारी. आता रस्ता आहे आणि शनिवार-रविवारी घाटात त्यांची रांग लागते.

ही मंडळी जातात कुठं? डांबर सोडून सड्यावर. याबाबतीत मात्र माझं मन कडू आहे. सड्यावर जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर असतो. पावसाळ्यात चार महिने त्यातच तेरडा, कंदील, कीटक खाणाऱ्या वनस्पती उगवतात आणि संपतात. रुंद टायर एकदा तिथून फिरला की ती चाकोरी पुढच्या हंगामातही ओळखू येते. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं, त्यांत कासचं पठार आहे. ते आमच्या सड्यांहून वेगळं नाही, फक्त जास्त प्रसिद्ध आहे. मामांनी कधी जीप सड्यावर घातली नाही. त्यांना तिथं कामच नव्हतं.

हे सगळं कळत असूनही मी जिम्नीत बसून होते. ती घराण्याची गाडी आहे. तिचा वंश १९७० सालच्या ३६० सीसीच्या जपानी गाडीपर्यंत जातो. आपल्याकडची जिप्सी, पोलिसांची, सैन्याची, ताडोब्यात वाघ दाखवणारी, ती याच घराण्यातली. आणि गंमत अशी की गुरुग्रामला तयार होणारी ही पाच दारांची जिम्नी जपानमध्ये २०२५ च्या सुरुवातीला विकायला काढली, तेव्हा चारेक दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास मागणी आली आणि बुकिंगच थांबवावं लागलं. इथं सेल्समन मला ती न घेण्याबद्दल सांगत होता.

ह्यांचा हिशेब तोवर पुरा झाला होता. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले, तर कागदावरच्या आकड्यांनुसार फरक पडतो एकशे तीस लिटरचा. तेरा-चौदा हजार रुपये. मला तो आकडा ऐकून उलट धीर आला. महिन्याला अकराशे रुपयांसाठी माणूस हौस मारत नाही. पण ह्यांनी पुढचा कागद काढला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के. जिम्नीचं इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून लांबी तेवढीच असूनही तिला ४० टक्के. अ‍ॅव्हरेजवर आपण आयुष्यभर वाद घालतो, आणि खरा फरक गाडी पहिला लिटर जाळण्याआधीच पडलेला असतो.

तरी मी अडून बसले असते. मला हलवलं ते दोन क्षुल्लक गोष्टींनी. जिम्नीचं मागचं दार आडवं उघडतं, स्टेपनीसकट. आमच्या सोसायटीतल्या पार्किंगला मागं भिंत आहे. दार अर्धं उघडून सामान तिरकं ओढावं लागलं असतं. दुसरी गोष्ट आई. गुडघ्यांसाठी तिला अधूनमधून पुण्याला आणतो. ती सोबत आली होती, शोरूमच्या खुर्चीत चहा पीत होती. तिनं जिम्नीकडं एकदा पायापासून टपापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "ही जीपच की गं. मला वर चढवायला दोन माणसं कुठून आणणार?"

जमिनीपासूनची उंची मीही विचारून घेतली. जिम्नी २१० मिलिमीटर, फ्राँक्स १९०. दोन सेंटिमीटरचा फरक. पुण्यातल्या खड्ड्यांना फ्राँक्सच्या उंचीनंही भागतं, आणि ओल्या घाटात उतारावर ब्रेक लावताना चारही चाकांना ओढ असण्याचा काडीचा उपयोग नसतो, तिथं टायर चांगले लागतात. फ्राँक्स बुक केली. रंगावरून घरात अजून एकमत नाही.

गावी भावाच्या मुलाला फोन केला. आमच्या घरापासून वरच्या शेताला जाणारा शेवटचा चढ अजून कच्चाच आहे. त्याला म्हटलं, नवी गाडी जुलैत वर चढेल का रे?

"आत्या, ती खाली पुलापाशीच लावा. मी पिकअप घेऊन येतो न्यायला."

"तुझ्या पिकअपला फोर-बाय-फोर आहे?"

"नाही ओ. मागं हौद्यात चार पोती वाळू टाकतो."