सव्वीस प्रेक्षक

माझं काम मोजण्याचं. सिलतऱ्याच्या औद्योगिक क्षेत्रात, एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात मी धरमकाट्यावर बसतो. लोहखनिज आणि कोळसा भरून ट्रक आत आला की वजन, रिकामा होऊन बाहेर निघाला की पुन्हा वजन, आणि दोन्हींतला फरक पावतीवर. एकोणीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे कुठंही गेलो की डोळे आपोआप मोजू लागतात. लग्नाच्या पंगतीतली पानं, फाटकापाशी थांबलो की मालगाडीचे डबे. 2024 सालचा पावसाळा सरल्यावर रायपूरच्या एका कॉलेजच्या मैदानावर मुलींचा आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलचा सामना पाहायला गेलो, तेव्हाही मोजलं. सव्वीस.

दोन्ही संघांच्या राखीव मुली, पंच आणि गुणलेखक यात धरलेले नाहीत. पुढचा सामना ज्यांचा होता त्या संघातल्या आठ मुली बुटांच्या नाड्या बांधत बसल्या होत्या. त्यांना प्रेक्षक म्हणायचं की नाही असा प्रश्न होता, पण मी म्हटलं. बाहेरच्या कॉलेजांचे दोन क्रीडाशिक्षक, वसतिगृहातून आलेल्या नऊ मैत्रिणी, एक शिपाई, कुणाची तरी थोरली बहीण, आणि पलीकडच्या भिंतीवर पाय सोडून बसलेली चार पोरं. सव्विसावा मी.

माझी लेक तिसऱ्या वर्षाला होती. पहिल्या वर्षापासून ती कॉलेजच्या संघात होती, आणि मी तिचा सामना पहिल्यांदाच पाहत होतो.

याला कारणं होती, आणि विचारणाऱ्याला मी ती घडाघडा सांगत असे. माझी ड्यूटी पाळीची. तिचे सामने कामाच्या दिवशी भर अकरा वाजता. सिलतऱ्याहून शहरात जायचं तर बिलासपूर रोडवर ट्रकांच्या रांगांतून वाट काढत जावं लागतं. सगळं खरं होतं. पण 21 जानेवारी 2023 हा शनिवारही खराच होता. त्या दिवशी नव्या रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह मैदानावर पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, भारत विरुद्ध न्यूझीलंड. त्यासाठी मी महिनाभर आधी रजा टाकली होती, तिकिटांसाठी दोघातिघांना गळ घातली होती. न्यूझीलंडचा डाव 108 धावांत आटोपला, आपण आठ गडी राखून जिंकलो, दिवेलागणीनंतर फार वेळ बसावंही लागलं नाही. त्याच शनिवारी सकाळी लेकीच्या कॉलेजात वार्षिक सामने होते. ती सकाळी बूट पिशवीत घालून निघाली तेव्हा मी गालावर तिरंगा कसा रंगवायचा ते यूट्यूबवर बघत होतो. ती काही बोलली नाही. मला काही सुचलंही नाही.

सुचलं ते पुढच्या वर्षी, तात्यापाऱ्यातल्या एका लग्नात. आमचे आजोबा नागपूरहून नोकरीसाठी रायपूरला आले ते तात्यापाऱ्यात राहिले. आम्ही पुढे कारखान्यामागे सिलतऱ्याला गेलो, पण लग्नकार्यं अजून तिथंच. पंगतीत एका मावसभावानं विचारलं, "तुझी लेक बास्केटबॉल खेळते म्हणे. कुठल्या जागेवर खेळते?" मी म्हणालो, "सगळीकडेच खेळते." तो हसला. वाढणाऱ्या मुलींत माझी लेक होती. तिच्या हातात मठ्ठ्याचं भांडं होतं. तिनं ऐकलं, माझ्या ग्लासात मठ्ठा ओतला आणि पुढच्या पानाकडे गेली.

त्या रात्री घरी आल्यावर कपाटावरचा चेंडू दिसला. ती अकरावीत असताना वाढदिवसाला मीच आणला होता. कधी वापरलेला दिसला नाही, म्हणून मला थोडं वाईटही वाटलं होतं. मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं की मुली 6 नंबरच्या चेंडूनं खेळतात आणि मी आणला होता तो 7 नंबरचा, पुरुषांचा. तीन वर्षं तो कपाटावर होता आणि तिनं मला एकदाही सांगितलं नव्हतं.

म्हणून गेलो. न सांगता गेलो, कडेला उभा राहिलो.

क्रिकेटच्या मैदानावर हजारोंच्या गोंगाटात खेळाचा स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. इथं सगळं ऐकू येत होतं. सिमेंटवर बुटांचं करकरणं, चेंडूची धप्प धप्प, कडीला लागून बाहेर पडलेल्या चेंडूची ठण्ण, आणि त्यावर मुलींच्या हाका. "पीछे, पीछे!" "छोड मत!" त्यांतला सर्वांत मोठा आवाज माझ्या लेकीचा होता. घरात भाजीत मीठ कमी आहे हेही हळू आवाजात सांगणारी ही मुलगी इथं चौघींना नाव घेऊन इकडेतिकडे हलवत होती. तिची जागा कुठली तेही कळलं. चेंडू आपल्या बाजूनं वर आणायचा, कोण कुठं मोकळी आहे ते पाहायचं आणि चोवीस सेकंदांच्या आत कुणीतरी टोपलीवर मारेल अशी सोय करायची. पॉइंट गार्ड. म्हणजे ती सगळीकडे खेळत नव्हती, पण सगळीकडे बघत होती. एकदा चेंडू बाहेर गेला तेव्हा तिनं मलाही पाहिलं. मग वळली आणि धावत गेली.

आपल्या छत्तीसगडमध्ये मुलींच्या बास्केटबॉलची गोष्ट लहान नाही. रायपूरपासून तासाभरावरच्या भिलाईत राजेश पटेल या प्रशिक्षकांनी पोलाद कारखान्याच्या आश्रयानं मुलींच्या पिढ्या घडवल्या. लहान गावांतल्या, कष्टकरी घरांतल्या मुली निवडून आणल्या, त्यांना राहायला जागा दिली, पहाटे आणि संध्याकाळी पंत स्टेडियमच्या कोर्टवर पळवलं. अंजू लाकडा, सीमा सिंह अशा मुली तिथून भारताच्या संघात गेल्या. जवळजवळ सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदी कानपूरची, पण तिचा खेळ घडला भिलाईत. राज्य 2000 साली झालं आणि या मुलींनी नव्या राज्याच्या नावावर राष्ट्रीय स्पर्धांची पदकं जमा केली. पटेल 2018 साली गेले. हे सगळं माझ्या घरापासून मोटरसायकलच्या टप्प्यात घडत होतं, आणि मी त्यातला एकही सामना पाहिलेला नाही. माझ्या धरमकाट्यावर येणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला भारताच्या क्रिकेट संघाचे अकराही खेळाडू पाठ असतात. अंजू लाकडा कोण, हे मी गंमत म्हणून दहाएक जणांना विचारलं. एकानं सांगितलं, आणि तो भिलाईचा होता.

लेकीनं मग मला एक गोष्ट वाचायला पाठवली. मुलींचा पहिला आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल सामना 4 एप्रिल 1896 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला, स्टॅनफर्ड विरुद्ध बर्कली. स्टॅनफर्डच्या मुली 2-1 अशा जिंकल्या. प्रेक्षक सुमारे सातशे, सगळ्या बायका. पुरुषांना आत येऊच दिलं नव्हतं. मुलींनी पळताना, घामेजलेलं पुरुषांना दिसू नये अशी त्या काळची रीत. त्याच अमेरिकेत ऑक्टोबर 2023 मध्ये आयोवा विद्यापीठाच्या मुलींचा सामना फुटबॉलच्या मैदानावर भरवला तेव्हा 55,646 लोक आले. आणि 2024 च्या कॉलेज स्पर्धेचा मुलींचा अंतिम सामना टीव्हीवर मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला.

मी म्हणालो, "बघ, तिथं दार बंद असताना सातशे. आपल्याकडे दार कुणी बंद केलेलं नाही, तरी सव्वीस."

ती म्हणाली, "बाबा, त्या सव्वीसमध्ये भिंतीवरचे चार धरले का तुम्ही?"

"धरले."

"ते सामना बघायला येत नाहीत."

मग तिनं सांगितलं. भिंतीवरची पोरं कॉलेजची नसतात. मुली अर्ध्या चड्डीत खेळतात म्हणून येतात. मोबाईल काढतात. एखादी पडली की हसतात, कुणाच्या तरी शरीरावर काहीतरी बोलतात, इतक्या हळू की पंचाला ऐकू जाऊ नये आणि इतक्या मोठ्यानं की मुलींना जावं. एका मैत्रिणीनं त्यामुळेच खेळ सोडला. घरी सांगितलं अभ्यास झेपत नाही म्हणून. "कधीकधी वाटतं कुणीच नको. रिकामं मैदान परवडतं."

मला माझ्या मोजणीची लाज वाटली. काट्यावर कोळसा असो की त्यात मिसळलेली माती, वजन सारखंच दाखवतं. म्हणून तर कोळसा काट्यावरून पुढे गेला की प्रयोगशाळेत नमुना जातो. 1896 सालच्या त्या बायकांनी दार बंद केलं तेव्हा त्यात नुसता सोवळेपणा नसेल, थोडी सुटकाही असेल, असं पहिल्यांदा मनात आलं.

घरी हे बोलणं चाललं होतं तेव्हा माझी आई गहू निवडत होती. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला बास्केटबॉल म्हणजे टोपलीत चेंडू एवढंच ठाऊक. ती म्हणाली, "पुढचा सामना कधी आहे? मी येते."

सामना कधी आहे हे आदल्या रात्री मोबाईलवर कळतं, ही आमच्याकडची रीत. त्यावरून रजा मागायची, पाळी बदलून घ्यायची. मी रात्रपाळी घेतली, सकाळी सुटून आंघोळ केली आणि शेजाऱ्याची बोलेरो डिझेल भरून देण्याच्या बोलीवर मागितली. आई, बायको, शेजारच्या काकू, त्यांच्या शाळेतल्या दोन मुली, काट्यावरचा माझा मदतनीस आणि मी. सात जण. सिलतऱ्यात काळी भुकटी सगळ्यांवर सारखी बसते. गाडीच्या काचा पुसून निघालो तरी रायपूरला पोचेपर्यंत आईच्या पांढऱ्या पातळाची कड राखाडी झाली होती.

मैदानावर खुर्च्या नव्हत्या. सावली होती ती नेमकी भिंतीच्या बाजूला. आईनं आजूबाजूला पाहिलं, घरून आणलेली सतरंजी घेतली आणि सरळ त्या भिंतीखाली जाऊन बसली. वर पाच पोरं होती. मी पुढे होणार तर तिनं हातानं मला थांबवलं. खेळ सुरू झाला. गुणफलक होता, पण पलीकडच्या टोकाला, खडूनं लिहिलेला. आईला मोतीबिंदू. थोड्या वेळानं तिनं मान वर केली आणि छत्तीसगढीत विचारलं, "बेटा, कतका होगे?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं डोळे बारीक करून फलक वाचला. "बारा-चौदा, दाई."

"कोन आगे?"

त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं शेजारच्याला विचारलं. पुढच्या दहा मिनिटांत आईनं हे पाच-सहा वेळा विचारलं असेल. दोघं कंटाळून उठून गेले. तिघं राहिले, आणि राहिले म्हणून त्यांना सामना पाहावा लागला. उत्तर द्यायचं तर कुणी टोपली केली, दोन गुण की तीन, हे बघणं भाग होतं. शेवटच्या भागात त्यांतला एक जण न विचारताच खाली वाकून सांगू लागला होता. मोबाईल एकाच्या हातात होता, पण बंद.

फार चांगलं घडलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या वेळी तीच पोरं भिंतीवर कशी बसतील, हे मला ठाऊक नाही. प्रत्येक मैदानावर सतरंजी घेऊन कुणाची आजी जाऊ शकत नाही, आणि जावी लागू नये. भिंतीकडे लक्ष ठेवणं हे कॉलेजचं काम आहे. सामन्याची वेळ चार दिवस आधी सांगणं, प्यायला पाणी ठेवणं आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप उघडून ठेवणं हेही. काकूंच्या धाकटीला त्या दिवशी रस्त्यापलीकडच्या दुकानदारीणबाईंच्या घरी न्यावं लागलं होतं. प्रेक्षक येत नाहीत म्हणून सोय करत नाहीत, आणि सोय नाही म्हणून येत नाहीत. हे चक्र कुठंतरी कुणाला तरी थांबवावं लागतं.

समोरच्या संघाची एक मुलगी धावताना आमच्यापुढेच आपटली. गुडघा सोलला. आई अर्धी उठून ओरडली, "लागलं का गं बाई?" त्या मुलीला मराठी कळत नसणार, पण तिनं आईकडे पाहून मान हलवली आणि उठली. शेवटच्या दोन मिनिटांत लेकीला पाचवा फाउल लागला आणि तिला बाहेर बसावं लागलं. तिथून ती ओरडत राहिली. 41-45 असे आम्ही हरलो. काकूंच्या मुलींना हरलो हे पटेना. त्या टाळ्या वाजवतच होत्या.

परतताना लेक आमच्याबरोबर बोलेरोत बसली, आजीच्या खांद्याला डोकं लावून. सांकरा मागे पडेपर्यंत कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "बाबा, तो चौथा फाउल नव्हता. तुम्ही पाहिलंत ना?"

मी पाहिलं होतं. तिचा हात चेंडूलाच लागला होता. तसं मी सांगितलं. ती उठून बसली आणि सामना पहिल्यापासून सांगू लागली, कुठं चुकलं, कोण थकली होती, कुणाला चेंडू द्यायला हवा होता. मी विचारत गेलो. कारखान्याच्या चिमण्या दिसायला लागल्या तशा तिनं काचा वर केल्या.

"सोमवारी तिसऱ्या जागेसाठी सामना आहे," ती म्हणाली. "तुमची कुठली पाळी आहे?"